वरची टाकी, खालची टाकी

आमच्या सोसायटीच्या वॉचमनमामांना घरातला प्रवाळाचा टँक समजावून सांगायला मला दोनच वाक्यं लागली. वरची टाकी काचेची, खालची टाकीही काचेची. पंप चोवीस तास चालू, वरची टाकी चोवीस तास भरून वाहते आणि तेच पाणी खाली येऊन पुन्हा वर जातं. रोज पहाटे इमारतीचा पंप सोडणाऱ्या आणि ओव्हरफ्लोच्या पाइपातून धार लागली की तो बंद करायला धावणाऱ्या माणसाला यात नवीन काहीच नव्हतं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "आणि लाइट गेली की, साहेब?"

हा प्रश्न मी स्वतःला विचारला तो खालची टाकी बांधून, बसवून, पाण्यात मीठ कालवून झाल्यावर. त्याची किंमतही मोजली. ती हकिगत पुढे येईलच.

मराठीत 'संप' म्हटलं की गिरण्या आठवतात, आणि बांधकामवाल्यांसमोर म्हटलं की जमिनीखालची टाकी. घरगुती प्रवाळ-टँकखाली कपाटात लपवलेला 'सम्प' या दुसऱ्या कुळातला. वीज गेली की मात्र त्याला पहिला अर्थही लागू होतो. मुख्य टँकच्या काठावरून सांडलेलं पाणी नळीने खाली येतं, तीन-चार कप्प्यांतून गाळलं जातं, फेसाळतं, थंड होतं आणि पंपाने परत वर जातं. मासे आणि प्रवाळ वर, यंत्रं आणि कचरा खाली, अशी ही विभागणी.

सम्पात काय काय ठेवावं यावर छांदिष्टांमध्ये तासन्‌तास चर्चा चालतात. किती जागा रिकामी ठेवावी, यावर क्वचितच. या विषयातल्या निरनिराळ्या मतांचा आढावा घेताना माझं मत आधीच सांगून टाकतो: सम्पातली सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे त्यातली रिकामी जागा. बाकी सगळं नंतर बदलता येतं.

खोकं राहिलं, सामान बदललं

सम्पाचा इतिहास हा त्यातल्या सामानाच्या येण्याजाण्याचा इतिहास आहे. १९६१ साली इंडोनेशियाच्या ली चिन एंग यांनी 'ट्रॉपिकल फिश हॉबीइस्ट' या अमेरिकन मासिकात आपली पद्धत मांडली. समुद्रातून आणलेले जिवंत खडक, भरपूर उजेड आणि हवेचे बुडबुडे, बस्स. सम्पही नाही आणि फेसाबरोबर घाण बाहेर काढणारा स्किमरही नाही. समुद्र जवळ होता, पाणी ताजं मिळत होतं, त्यामुळे ते चाललं. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांना ते सहजासहजी जमण्यासारखं नव्हतं.

सत्तरच्या दशकात ज्याला पुढे 'बर्लिन पद्धत' म्हणू लागले ती आकाराला आली. पीटर विल्केन्स आणि डिट्रिख श्ट्यूबर ही तिच्याशी जोडलेली ठळक नावं. जिवंत खडक हीच गाळणी, आणि जोडीला जोरकस प्रोटीन स्किमर, असं तिचं साधं सूत्र. पण १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेने अमेरिकेत डच धाटणीचा 'मिनी-रीफ' लोकप्रिय केला, आणि त्याबरोबर टँकखालची मोठी पेटी आली. तिच्यात प्लॅस्टिकचे काटेरी गोळे, म्हणजे बायोबॉल, आणि त्यांवरून झिरपणारं पाणी. गोळ्यांवरचे जिवाणू हवेच्या सान्निध्यात अमोनियाचं नायट्रेट झपाट्याने करत. अडचण पुढची होती. नायट्रेटचा निकाल लावणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू नसलेली जागा लागते, ती खडकाच्या पोटात असते, गोळ्यांवर नसते. नायट्रेट साठत गेलं आणि प्रवाळ रुसले.

नव्वदच्या दशकात चार्ल्स डेलबीक आणि ज्युलियन स्प्रंग यांच्या 'द रीफ अ‍ॅक्वेरियम'सारख्या पुस्तकांनी (पहिला खंड १९९४) बर्लिन पद्धतीचं पारडं जड केलं. गोळे कचऱ्यात गेले, पेटी मात्र कोणी टाकली नाही. रिकाम्या पेटीत स्किमर बसला, हीटर बसला, शेवाळ बसलं. आजचा सम्प म्हणजे बायोबॉल काढून घेतलेली ती पेटीच.

सम्प हवाच का?

शंभर लिटरच्या आतल्या टँकला नसला तरी चालतो. मागच्या बाजूला कप्पे असलेले तयार टँक मिळतात, काठावर टांगायचे स्किमर मिळतात, आणि आठवड्याला दहा-पंधरा लिटर पाणी बदललं की बरंचसं भागतं. सम्प नसला तर घरात सांडण्यासारखं फारसं काही नसतं, हा त्याचा दुर्लक्षित फायदा.

टँक मोठा झाला की मात्र गणित फिरतं. सम्पामुळे एकूण पाणी वाढतं, म्हणून बदल सावकाश होतात. औषधं-क्षार थेट प्रवाळांवर न पडता खाली मिसळून वर जातात. वरच्या टँकमधली पातळी हलत नाही, कारण बाष्पीभवनाची सगळी घट खालच्या शेवटच्या कप्प्यात दिसते. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे पाण्यावरची तेलकट साय सतत सांडव्यावरून खाली जाते. ही साय राहिली तर उजेड अडतो आणि हवा-पाण्याची देवाणघेवाण मंदावते. जो घटक पाण्यावर तरंगू बघतो, तोच स्किमरमध्ये बुडबुड्याला चिकटून फेसाबरोबर बाहेर पडतो. म्हणजे सांडवा आणि स्किमर हे एकाच कामाचे दोन हात आहेत.

सांडवा आणि नळ्या

धरणाच्या सांडव्याचा नियम इथेही लागू आहे: कड जितकी लांब, तितका तिच्यावरून जाणारा थर पातळ. ताशी १,५०० लिटर पाणी ३० सेंटिमीटर लांबीच्या कडेवरून सोडलं तर थर सुमारे ८ मिलिमीटरचा होतो. १२० सेंटिमीटरच्या कडेवरून सुमारे ३ मिलिमीटरचा. पातळ थर म्हणजे साय जास्त आणि खालचं पाणी कमी. शिवाय पंप थांबल्यावर एवढाच थर खाली उतरतो. लांब सांडव्याची ही दुसरी बाजू वॉचमनमामांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे.

सांडव्यातून खाली न्यायच्या नळ्यांची तीन घराणी प्रसिद्ध आहेत, तिन्ही छांदिष्टांनीच काढलेली. पहिलं रिचर्ड डर्सो यांचं. वाकडं तोंड आणि माथ्याला बारीक भोक असलेली एक उभी नळी, जिच्यात हवा आणि पाणी मिसळून वाहतं. सोपं, पण वेग वाढला की गुडगुड. एक इंची नळी ताशी हजार-बाराशे लिटरच्या पुढे कुरकुरायला लागते. दुसरं 'हर्बी'. एक नळी झडप आवळून पूर्ण भरलेली ठेवायची, म्हणजे सायफन चालतो आणि आवाज जवळजवळ शून्य. दुसरी उंचावर, कोरडी, केवळ संकटासाठी. तिसरं 'बीनॲनिमल', तीन नळ्यांचं. एक भरलेली, एक अर्धवट वाहणारी आणि एक कोरडी.

शांततेत हर्बी आणि बीनॲनिमल यांच्यात डावं-उजवं करण्यासारखं थोडं. पण जिथे आठवड्याला दोनदा वीज जाते तिथे प्रश्न शांततेचा नसून पुन्हा सुरू होण्याचा आहे. वीज आली, पंप फिरला, तर नळ्यांतली हवा आपोआप निघून सायफन पुन्हा धरला पाहिजे, घरात कोणी नसतानाही. बीनॲनिमलमध्ये मधली नळी हे काम सांभाळून घेते. टँकला तीन भोकं पाडायची तयारी असेल तर मी तेच सुचवेन. हर्बी करायचा असेल तर कोरडी नळी मुख्य नळीइतकी तरी जाड हवीच. मुख्य नळीत उद्या गोगलगाय जाऊन बसली, तर सगळं पाणी हिलाच न्यायचं आहे.

भोक पाडण्याआधी एक खात्री करावी. टफन्ड काचेला भोक पडत नाही. गिरमिट टेकवताच तिचा चुरा होतो. आणि भोकाची कड काचेच्या काठापासून किमान भोकाच्या व्यासाइतकी आत ठेवावी.

किती वेगाने?

पूर्वी टँकच्या दहापट पाणी दर तासाला सम्पातून फिरवा असं सांगत. आता बहुतेक अनुभवी लोक तीन ते पाच पटीवर आले आहेत. प्रवाळांना लागणारी लाट टँकमधले वेगळे वेव्हमेकर देतात, आणि स्किमर एका वेळी जेवढं पाणी ओढतो तेवढंच ओढतो. जास्तीचा वेग फक्त आवाज, बुडबुडे आणि विजेचं बिल वाढवतो. १२० × ६० × ६० सेंटिमीटरचा, म्हणजे सुमारे ४३० लिटरचा टँक धरला तर ताशी १,३०० ते २,१०० लिटर पुरे. मात्र पंपाच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. सव्वा मीटर चढ आणि दोन-तीन कोपरे आले की छोटा पंप निम्म्यावर येतो. तेव्हा खोक्यावर तीन हजार असेल तर वर पोचणारं पाणी दीड हजारच्या आसपास धरावं.

कप्पे: कोणाला किती जागा

पहिल्या कप्प्यात पाणी पडतं. तिथे १०० किंवा २०० मायक्रॉनची पिशवी लावण्याची पद्धत आहे. पिशवी दर तीन-चार दिवसांनी धुवावीच लागते. नाही धुतली तर अडकलेला कचरा तिथेच कुजून पाणी बिघडवतो, आणि पिशवी तुंबली की पाणी तिच्या काठावरून जातं. आपोआप गुंडाळत जाणारा फ्लीसचा रोल हा त्यावरचा खर्चिक उपाय. आपण आठवड्यातून दोनदा पिशवी धुणारी माणसं आहोत का, याचं खरं उत्तर स्वतःला देऊन मगच हा कप्पा ठरवावा.

दुसरा स्किमरचा. स्किमरला पाण्याची खोली कायम एकसारखी लागते, बहुतेकांना १५ ते २५ सेंटिमीटरच्या दरम्यानची. म्हणून या कप्प्याच्या शेवटच्या पडदीची उंची स्किमर आधी विकत घेऊन, त्याच्या माहितीपत्रकाप्रमाणे ठरवावी. सम्प आधी आणि स्किमर नंतर, हा क्रम उलटा आहे. दुसरी मोजायची गोष्ट म्हणजे स्किमरचा कप वर उचलायला लागणारी उंची. माझ्या पहिल्या स्टँडमध्ये स्किमर बसला, कपही बसला, पण भरलेला कप बाहेर काढताना वरच्या फळीला अडायचा. मग तो तिरका करायचा, आणि त्यातलं काळपट, कुजक्या वासाचं पाणी हातावर घ्यायचं. आठ महिने मी हा सोहळा केला.

तिसरा कप्पा ऐच्छिक: रेफ्युजियम, म्हणजे शेवाळाचं माजघर. वॉल्टर एडी यांनी स्मिथसोनियनमध्ये शेवाळाच्या गालिच्यांवर पाणी शुद्ध करून दाखवलं, त्या विचाराची ही घरगुती शाखा. कीटोमॉर्फा हे गुंतलेल्या हिरव्या दोऱ्यासारखं शेवाळ नायट्रेट-फॉस्फेट खाऊन वाढतं. मूठभर उपटून फेकलं की तेवढं खत टँकबाहेर गेलं. त्याचा दिवा रात्री लावतात, म्हणजे वरचा टँक अंधारात असताना इथे प्रकाशसंश्लेषण चालतं आणि पाण्याचा सामू रात्री फार घसरत नाही. बारीक कोपेपॉड इथे निर्धास्त वाढतात. कॉलर्पा हे दुसरं शेवाळ मात्र टाळावं. ते कधीकधी एका रात्रीत बीजपेशी सोडून विरघळतं आणि पाणी गढूळ करतं. फेकलेल्या शेवाळाचंही भान हवं. १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाच्या पायथ्याशी कॉलर्पा टॅक्सिफोलियाचा एक छोटा पट्टा दिसला, आणि पुढे भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांवर ते पसरत गेलं. उपटलेलं शेवाळ उन्हात वाळवून कचऱ्यात टाकावं. खाडीत, ओढ्यात, गटारात नाही.

मग बुडबुडे अडवणाऱ्या तीन पडद्या: पाणी पहिलीवरून, दुसरीखालून, तिसरीवरून. त्यांच्यात एक इंच अंतर ठेवा हा सल्ला सगळीकडे मिळतो, कारण कोणी मिळत नाही. कारण असं आहे: पाणी खाली उतरण्याचा वेग बुडबुड्याच्या वर चढण्याच्या वेगापेक्षा कमी पाहिजे. ४० सेंटिमीटर रुंदीच्या सम्पात पडद्यांमध्ये ३ सेंटिमीटर अंतर असेल आणि ताशी १,५०० लिटर पाणी जात असेल, तर ते सेकंदाला साडेतीन सेंटिमीटरने उतरतं. मोठे बुडबुडे याला भीक घालत नाहीत. स्किमरमधून निसटलेले धुळीसारखे बारीक बुडबुडे मात्र ओढले जातात. अंतर ५ सेंटिमीटर केलं की हाच वेग दोनवर येतो. जागा असेल तर पडद्या वाढवण्यापेक्षा अंतर वाढवणं बरं.

शेवटचा कप्पा परतीच्या पंपाचा. सगळा सम्प याच्यावर तोललेला असतो, म्हणून त्याचा हिशेब वेगळा.

दोन हिशेब, एक रात्र

सम्पाचा आकार दोन प्रसंगांवरून ठरतो. पहिला: वीज गेली. दुसरा: वीज आहे, पण खाली येणारी नळी तुंबली.

पहिला प्रसंग आकड्यांत मांडू. टँकचा पृष्ठभाग १२० × ६०, म्हणजे ७,२०० चौरस सेंटिमीटर. पंप थांबला की सांडव्यावरचा थर उतरतो, आणि परतीच्या नळीचं तोंड जितकं पाण्याखाली असेल तितकं पाणी सायफनने उलटं खाली येतं. दोन्ही मिळून ३ सेंटिमीटर धरले तर २१.६ लिटर. नळ्यांत आणि सांडव्याच्या पेटीत असलेलं आणखी चारेक लिटर. एकूण २६ लिटर. सम्प ९० × ४० × ४० असेल तर त्यात प्रत्येक सेंटिमीटरला ३.६ लिटर मावतं. म्हणजे पाणी ७ सेंटिमीटरहून थोडं जास्त चढेल. चालू स्थितीत सरासरी पातळी २२ असेल तर ती तीसच्या खालीच थांबेल आणि वर दहा सेंटिमीटर कोरडे राहतील. पण सम्प 'वाया जातोय' म्हणून कोणी पातळी ३५ वर नेऊन ठेवली, तर जमिनीवर किती पाणी येईल हे पाचवीतला मुलगा सांगेल.

दुसरा प्रसंग. नळी तुंबली, पंप चालूच. शेवटच्या कप्प्यातलं पाणी वर चढत जाईल आणि पंप कोरडा पडेल तेव्हाच थांबेल. कप्पा २५ × ४० चा आणि पाणी २० सेंटिमीटर असेल तर त्यात २० लिटर. तळाचं पाचेक लिटर पंपाला ओढता येत नाही. उरलेलं १५ लिटर वरच्या टँकमध्ये गेलं की तिथली पातळी २ सेंटिमीटरने वाढेल. म्हणून टँकची कड चालू पातळीच्या किमान तीन-चार सेंटिमीटर वर हवी.

इथे एक पेच आहे. पुराच्या भीतीने हा कप्पा लहान केला तर बाष्पीभवन भोवतं. दिवसाला ५ लिटर पाणी उडालं तर हजार चौरस सेंटिमीटरच्या या कप्प्यात पातळी रोज ५ सेंटिमीटरने उतरते. तिसऱ्या दिवशी पंप हवा खातो. म्हणून आपोआप गोडं पाणी भरणारं यंत्र, ज्याला सगळे एटीओ म्हणतात, ते लागतं. पण एटीओचा सेन्सर अडकला तर? एकूण ५०० लिटर पाण्यात २५ लिटर गोडं पाणी एकदम आलं तर क्षारता ३५ वरून सुमारे ३३.३ वर येते. हा धक्का प्रवाळ सोसतात. शंभर लिटरचं पिंप जोडलेलं असेल तर ती २९ च्या आसपास येईल, आणि सम्पही कधीच भरून वाहिलेला असेल. एटीओचं पिंप जाणूनबुजून लहान ठेवावं.

आता ती हकिगत. परतीची नळी उलटी वाहू नये म्हणून तिच्यात पाण्याच्या पातळीजवळ पाच मिलिमीटरचं भोक पाडतात. पातळी किंचित उतरली की भोकातून हवा आत शिरते आणि सायफन तुटतो. शाळेत वक्रनलिका शिकलेल्यांना हे लगेच कळेल. मीही भोक पाडलं होतं, बसवल्या दिवशी तपासलंही होतं. जुलैत एका रात्री वीज गेली. सकाळी सव्वासहाला खालच्या मजल्यावरच्या काकूंनी बेल वाजवली. हातात पोळ्यांचा डबा नव्हता, बादली होती. "अरे, तुझा समुद्र आमच्या देवघरात आलाय," त्या म्हणाल्या. आवाजात राग कमी होता आणि नवल जास्त. कपाट उघडलं तर सम्प काठोकाठ, खाली फरशी खारट आणि चिकट. वर टँकमध्ये पाणी परतीच्या नळीच्या तोंडापर्यंत, चांगलं नऊ सेंटिमीटर उतरलेलं. भोकात बोटाच्या नखाएवढी गोगलगाय बसली होती. ती आत गेली असावी शेवाळ खायला, आणि तिथे तिला बरं वाटलं असावं.

नऊ सेंटिमीटर म्हणजे जवळपास ६५ लिटर. माझ्या सम्पात तीसचीच सोय होती. काकूंच्या छताला रंग लावून दिला. देवघराच्या कोपऱ्यातला फुगवटा अजून थोडा दिसतो.

या रात्रीतून निघालेला नियम असा. भोकावर, पाणी उलटं येऊ न देणाऱ्या चेक-व्हॉल्व्हवर किंवा कुठल्याही हलत्या, बुजणाऱ्या वस्तूवर विसंबून रिकामी जागा कमी करायची नाही. समुद्राच्या पाण्यात सगळं बुजतं. चेक-व्हॉल्व्हच्या झाकणावर चुना जमतो, भोकात जीव बसतो. परतीच्या नळीचं तोंडच पातळीखाली एक-दोन सेंटिमीटरवर ठेवायचं. मग भोक बुजलं तरी तेवढंच पाणी उतरेल.

काच, सिलिकॉन, नळ्या

एवढ्या सम्पाला ६ मिलिमीटरची काच पुरते. काचवाल्याकडून सगळ्या कडांची धार मारून घ्यावी. पडद्या आतल्या रुंदीपेक्षा चार-पाच मिलिमीटर कमी कापाव्यात, म्हणजे दोन्ही बाजूंना सिलिकॉनला जागा राहते. सिलिकॉन व्हिनेगरसारखा वास येणारं साधं घ्यावं. बाथरूमसाठी मिळणारं बुरशीरोधक नको, त्यातलं औषध जिवांना मारक असतं. जुन्या वाळलेल्या सिलिकॉनवर नवं नीट धरत नाही, म्हणून दुरुस्ती करायची तर आधीचं ब्लेडने पूर्ण खरवडावं लागतं. वास पूर्ण जाईपर्यंत, साधारण आठवडाभर, थांबावं. मग सम्प बाल्कनीत ठेवून काठोकाठ गोड्या पाण्याने भरावा आणि दोन दिवस खाली वर्तमानपत्र पसरून ठेवावं. कागद कोरडा राहिला तरच तो आत आणावा.

नळ्यांत आपल्या बाजारातला एक खास सापळा आहे. दुकानदार ज्याला 'एक इंची' म्हणतो त्या दोन वेगळ्या नळ्या असतात. एक इंचाच्या मापातली, जिचा बाहेरचा व्यास ३३.४ मिलिमीटर, दुसरी मेट्रिक, ३२ मिलिमीटरची. टँकच्या भोकात बसवायचा जोड, म्हणजे बल्कहेड, परदेशी असेल तर तो नेमका दुसऱ्या मापाचा निघतो. एकात दुसरी सैल बसते, सोल्युशन भरपूर लावलं की घट्ट वाटते, आणि महिन्याभराने थेंब गळू लागतो. बल्कहेड खिशात घालून दुकानात जावं आणि काउंटरवरच नळी बसवून पाहावी.

आणि पितळेचा गेट-व्हॉल्व्ह कितीही छान फिरत असला तरी तो इथे विष आहे. पितळेतलं तांबं खाऱ्या पाण्यात उतरतं; माशांना सोसेल इतकं तांबंही कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ यांना सोसत नाही. झडपा प्लॅस्टिकच्याच हव्यात.

वजन, उष्णता, वीज

४३० लिटर पाणी, १२ मिलिमीटर काचेचा ८५ किलोचा टँक, खडक, सम्प आणि स्टँड मिळून सातशे किलोच्या घरात वजन जातं, तेही पाऊण चौरस मीटरवर. राहत्या खोल्यांसाठी भारतीय मानकात धरलेला भार चौरस मीटरला सुमारे २०० किलोचा आहे. स्लॅब तो भार आजूबाजूला वाटून घेतो हे खरं, पण टँक तुळईजवळ, भिंतीला लागून ठेवावा आणि जुनी इमारत असेल तर आरसीसी सल्लागाराला विचारावं.

उष्णतेचा प्रश्न शहरागणिक बदलतो. प्रवाळांना २४ ते २७ अंश मानवतात. एक लिटर पाणी उडून जाताना जेवढी उष्णता नेतं, तेवढ्यात ४३० लिटर पाणी एक अंशाहून थोडं जास्त थंड होतं. म्हणून पुण्या-नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात सम्पावर लावलेला साधा पंखा कमाल करतो. मुंबई-रत्नागिरीच्या पावसाळी हवेत पाणी उडायलाच तयार नसतं, तिथे चिलरशिवाय गत्यंतर नाही. चिलर आपली गरम हवा खोलीतच सोडतो, तेव्हा त्याला बंद कपाटात कोंडू नये.

विजेच्या बाबतीत तीन गोष्टींवर तडजोड नको. घराला वीजगळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी हवा. प्रत्येक वायर प्लगच्या खाली लोंबून मग वर यावी, म्हणजे ओघळलेला थेंब प्लगमध्ये न जाता खाली पडेल. आणि एक्स्टेंशन बोर्ड सम्पाच्या बाजूला, उंचावर असावा. सम्पाच्या वर कधीच नाही. इन्व्हर्टरवर एकच वस्तू चालवता येत असेल तर ती परतीचा पंप नसून टँकमधला छोटा वेव्हमेकर असावा. तो कमी वीज खातो आणि पृष्ठभाग हलवत ठेवून प्राणवायू टिकवतो. सम्प तासभर थांबला तरी चालतो, माशांचा श्वास थांबून चालत नाही.

आणि कायदा

सम्प कितीही उत्तम बांधला तरी वर काय ठेवणार हा प्रश्न उरतोच. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये भित्ती बांधणारे प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्री घोडे आले. मालवणच्या खडकांवरून, जिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, ओहोटीला उचललेला एक तुकडाही गुन्हा आहे. परदेशातून येणारे कठीण प्रवाळ आंतरराष्ट्रीय 'साइट्स' कराराच्या यादीत आहेत, आणि २०२२ च्या दुरुस्तीने अशा जिवंत प्राण्यांची नोंदणीही कायद्यात आणली. विकणाऱ्याकडे कागद नसतील तर तो कितीही आपुलकीने बोलला तरी घेऊ नये.

आता मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एक गोष्ट करतो. मेन स्विच बंद करतो आणि कपाटासमोर स्टूल टाकून बसतो. सम्पाच्या काचेवर मार्करने तीन रेघा आहेत: चालू पातळी, वीज गेल्यावरची पातळी आणि काठ. पाणी चढत दुसऱ्या रेघेपाशी येतं, थांबतं, आणि वर दहा सेंटिमीटर काच कोरडी राहते. एकदा वॉचमनमामा पाण्याचं बिल घेऊन आले होते. तेही दोन मिनिटं उभे राहिले, दुसऱ्या रेघेकडे बघत. "थांबलं," ते म्हणाले, आणि बिल टेबलावर ठेवून खाली इमारतीचा पंप बंद करायला गेले.